कामं बंद, फी चालू

टेंडर भरून देणाऱ्या पोराने स्क्रीन माझ्याकडे फिरवली आणि म्हणाला, "जिभाऊ, तुमचा जीएसटी नंबर सस्पेंडेड दाखवतोय." मी म्हटलं नीट टाक, आकडा चुकला असेल. त्याने परत टाकला, मी सर्टिफिकेटच्या झेरॉक्सवरून एकेक अक्षर वाचून दाखवलं, २७ पासून सुरू, पंधरा अक्षरं, परत तेच. माझं नाव, पारोळ्याचा पत्ता, सगळं बरोबर आणि खाली तो शब्द. डिसेंबर २०२४ चा पहिला शुक्रवार होता, टेंडर सोमवारी संध्याकाळी पाच वाजता बंद होणार होतं. साधारण १४ लाखांचा काँक्रीट रस्ता, गाव ओळखीचं, खडी क्रशर जवळ, पाण्याची सोय, म्हणजे असं काम वर्षातून एखादंच समोर येतं आणि मी त्याच्यासाठी मार्चपासून थांबलेलो.

मार्चपासून म्हणजे खरंच मार्चपासून. आमच्या छोट्या सरकारी ठेकेदारीच्या धंद्यात २०२४ साल कसं गेलं ते ज्यांनी बघितलं त्यांना सांगायला नको. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, सुरू असलेली कामं चालली पण नवीन वर्क ऑर्डर बंद. आपल्याकडे जळगाव, रावेर, नंदुरबारचं मतदान १३ मेला आणि धुळ्याचं २० मेला, निकाल ४ जूनला. आचारसंहिता उठली तर पाऊस. पावसात आमच्यासारखा छोटा माणूस काय करणार, पोळ्यापर्यंत मिक्सर ताडपत्रीखाली. मधे दोन टेंडरं भरली, दोन्ही गेली, समोरच्याने इतकं बिलो, म्हणजे अंदाजपत्रकाच्या दराखाली, टाकलं की त्याला सिमेंट फुकट मिळतं का काय असं वाटावं. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता, २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. म्हणजे आठ-नऊ महिने दोन कामांच्या मधला काळ. नोकरीवाल्याला हा काळ समजत नाही. त्याला वाटतं हे ठेकेदार, बुलेटवर फिरतात, यांचं काय.

तर त्या मार्चअखेरीला मी एक शहाणपणा केला होता. शाळेच्या कंपाउंडचं आणि गटारीचं बिल ३१ मार्चला निघालं, त्याचा जीएसटी भरून झाला आणि मी जळगावला सीए साहेबांच्या ऑफिसात जाऊन सांगितलं की साहेब आता काम नाही, दर महिन्याची फी बंद ठेवू, काम लागलं की परत चालू करू. त्यांनी मान हलवली. चहा पण पाजला. मला वाटलं केवढा समजूतदार माणूस.

आता इथे माझी चूक किती आणि त्यांची किती यावर मी आजही स्वतःशीच भांडतो. काम बंद म्हणजे रिटर्न बंद असं माझ्या डोक्यात होतं, आणि मी एकटा नाही, आमच्याकडे दहातले सहा ठेकेदार हेच समजतात. जीएसटी नंबर चालू आहे तोवर विक्री शून्य असली तरी निल रिटर्न टाकावंच लागतं. मी तिमाहीवाला, वर्षाला पाच कोटींच्या आतला असल्यामुळे तीन महिन्यांनी ३बी नावाचं रिटर्न, तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या २२ तारखेपर्यंत. एप्रिल-जूनचं गेलं नाही, जुलै-सप्टेंबरचं गेलं नाही. महिन्याचं रिटर्न भरणाऱ्याला सहा महिन्यांची सूट मिळते, तिमाहीवाल्याच्या ओळीने दोन तिमाह्या चुकल्या की नंबर रद्द करायची नोटीस निघते आणि नोटिशीसोबतच नंबर सस्पेंड. हे त्यांना माहीत होतं. मला नव्हतं. त्यांचं ते रोजचं काम आहे, माझं रोजचं काम लेव्हल लावणं आणि सेंट्रिंगवाल्याला शोधणं आहे. तेवढं एक वाक्य, की भाऊ फी बंद ठेवा पण हे शून्याचं भरावं लागेल, त्याचे हजार रुपये द्या, मी गपचूप काढून दिले असते.

नोटीस आली कशी नाही असं तुम्ही विचाराल. आली ना. मेलवर आली, एसएमएस पण आला असेल. पण तो मेल आयडी आणि मोबाईल नंबर माझा नव्हताच! रजिस्ट्रेशन केलं तेव्हा सीएच्या ऑफिसातल्या पोराने ओटीपी सोपा पडावा म्हणून स्वतःचा नंबर टाकलेला. आणि तो पोरगा एप्रिलमध्येच नोकरी सोडून पुण्याला गेलेला. म्हणजे सरकार माझ्या नावाने पत्र पाठवत होतं आणि ते पुण्यात हिंजवडीला का कुठे कोणाच्या तरी खिशात वाजत होतं. त्याने बघितलं पण असेल आणि म्हणाला असेल जाऊ दे, आपली आता नोकरी तिथे नाही. त्याला तरी काय दोष द्यायचा.

हे मी माझ्या मित्राला सांगितलं, तो अमळनेर बाजूचा, इलेक्ट्रिकचं लायसन आहे त्याचं. तो म्हणे, "तुनं तरी बरं, मना डोंगल बी त्यासनाकडेच शे." डिजिटल सहीचं डोंगल! म्हणजे माझ्या नावाने कुठेही सही करता येईल अशी वस्तू दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये रबर बँड लावून पडलेली, सोबत आणखी चाळीस जणांची. आपण घराची किल्ली शेजाऱ्याला देताना तीनदा विचार करतो आणि हे असं देऊन टाकतो. माझं पण तिथेच होतं, ते मी नंतर आणलं.

शुक्रवारी दुपारपासून फोन लावतोय. साहेब मीटिंगमध्ये. साहेब नाशिकला. शनिवारी नवीन मुलगी म्हणाली तुमची फाईल इनॲक्टिव्हमध्ये आहे, सोमवारी या. इनॲक्टिव्ह हा शब्द मला फार लागला, खरं सांगतो. मी काय मेलो होतो का. रविवारी त्या पुण्याच्या पोराचा नंबर काढला, त्याला विनवण्या करून पासवर्ड घेतला, त्याने बिचाऱ्याने ओटीपी पण दिले. सोमवारी दुपारी दोन्ही रिटर्नं शून्याची टाकली. लेट फी रोजची २० रुपये, पण निल रिटर्नला जास्तीत जास्त ५००, म्हणून दोन्हीचे मिळून १०००. एवढंच. भरली, नोटिशीखाली प्रोसिडिंग ड्रॉप करायचं, म्हणजे कारवाई थांबवायचं, बटण होतं ते दाबलं, पण नंबर लगेच ॲक्टिव्ह झाला नाही, बुधवारी झाला. टेंडर सोमवारी पाचला बंद झालं. नंतर कळलं की ते जेमतेम तीन टक्के बिलोने गेलं, मी चार टाकणार होतो.

त्या रात्री जेवण गेलं नाही. बायकोने कळण्याची भाकरी आणि ठेचा केला होता, थंडीत माझी आवडती, ताट तसंच. ती म्हणे १००० रुपयांसाठी एवढं काय. आता तिला १४ लाखांचं सांगून अजून तिची झोप कशाला घालवा, म्हणून गप्प बसलो. (हे वाचेल तेव्हा कळेल.)

नंतर थंड डोक्याने विचार केला की आपल्याला सीएकडून पाहिजे तरी काय. ठेकेदार मंडळी जमली की सीएला शिव्या हा एक ठरलेला विषय असतो, रेतीवाला आणि सेक्शन इंजिनिअर यांच्या खालोखाल. पण नीट विचारलं की तुला काय अपेक्षित आहे, तर कोणाला सांगता येत नाही. एकजण म्हणतो फोन उचलला पाहिजे. दुसरा म्हणतो फी कमी पाहिजे. एक म्हातारे आप्पा आहेत, ते सीएला अजून वकील साहेब म्हणतात, त्यांचं म्हणणं साहेबाने बिल पास करून आणलं पाहिजे. आता ते काय त्यांचं काम आहे का. बिलं तर मोठमोठ्यांची अडकतात, २०२५ मध्ये राज्यभर ठेकेदार थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरले ते सगळ्यांनी बघितलं, तिथे सीए काय करणार.

मला जे वाटतं ते वेगळंच आहे. काम चालू असतं तेव्हा मला अकाउंटंट फारसा लागतच नाही. बिल सरकारी ऑफिस बनवतं, कपाती तेच करतं, माझ्या हातात स्लिप येते. खरी गरज काम नसतं तेव्हा. कारण तेव्हाच मागच्या कामाचे पैसे कुठेकुठे अडकलेत ते शोधायला वेळ असतो आणि तेव्हाच पुढच्या टेंडरची कागदं तयार ठेवायची असतात. आणि नेमकं तेव्हाच आपण म्हणतो फी बंद, आणि ते म्हणतात फाईल इनॲक्टिव्ह.

उदाहरण देतो, माझंच. त्या शाळेच्या कामाचं मूळ बिल साडेअकरा लाखाचं, वर १८ टक्के जीएसटी. (१८ जुलै २०२२ च्या आधी हाच दर १२ होता, तेव्हाची टेंडरं आठवली की अजून हुरहूर लागते.) त्यातून आयकर एक टक्का म्हणजे ११,५०० गेले, कामगार उपकर एक टक्का, रॉयल्टी, सुरक्षा ठेव, आणि जीएसटीचा टीडीएस दोन टक्के म्हणजे २३,०००. अडीच लाखांच्या वरच्या ठेक्यावर सरकारी ऑफिस हे दोन टक्के कापतंच. मला वाटायचं गेले ते गेले, कर आहे, देशाला दिला. कोणी सांगितलंच नाही की हे पैसे माझेच आहेत, पोर्टलवर टीडीएस क्रेडिटच्या पानावर जाऊन ॲक्सेप्ट करावं लागतं, मग ते माझ्या कॅश लेजरमध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या माझ्या खात्यात, येतात आणि पुढच्या जीएसटीला वापरता येतात. पासवर्ड हातात आल्यावर मी नुसता टाइमपास म्हणून पोर्टल बघत बसलो होतो तर तिथे २३,००० आणि २०२३ च्या नऊ लाखांच्या कामाचे १८,०००, दोन्ही पेंडिंग. ४१,००० रुपये! महिनोन्महिने तिथे पडलेले आणि मी इकडे ट्रॅक्टरच्या हप्त्यासाठी सोनं ठेवलेलं. मी तिथल्या तिथे खुर्चीतून उठून उभा राहिलो, पोरीने विचारलं पप्पा काय झालं, म्हटलं काही नाही, पैसे सापडले.

असे अडकलेले पैसे कोणी दाखवून देणं, ह्याला मी सपोर्ट म्हणतो. रिटर्न टाकणं तर काय, निल ३बी तर मोबाईलवरून एसएमएसने जातं, १४४०९ वर. इंग्रजीत निल, ३बी, नंबर आणि कालावधी पाठवायचा, कोड येतो, तो परत पाठवायचा, झालं. फक्त मोबाईल नंबर रजिस्टर असलेला पाहिजे, म्हणजे माझा असायला पाहिजे होता, पुण्याच्या पोराचा नाही.

सीए साहेबांबद्दल एक बरं पण लिहितो नाहीतर तुम्ही म्हणाल नुसता उखाळ्यापाखाळ्या काढतोय. माझं इनकम टॅक्स रिटर्न त्यांनी कधी चुकवलं नाही, ३१ जुलैच्या आत जायचं, ११,५०० चा रिफंड पण आला. पण तिथेही बघा. आयकराच्या ४४एडी कलमात टाकायचे, म्हणजे नफा ठरावीक टक्क्याने धरायची सोय, डिजिटल पेमेंट असल्यामुळे सहा टक्के नफा दाखवला की काम झालं, वह्या नकोत, काही नको. साडेअकरा लाखाचे सहा टक्के म्हणजे ६९,०००. टॅक्स शून्य, मी खूश. मग मी त्याच वर्षी बँकेत सीसी लिमिट, म्हणजे धंद्यासाठी लागेल तशी उचल, मागायला गेलो, म्हटलं काम नाही तोवर हाताशी असू दे, तर मॅनेजरने तीन वर्षांची रिटर्नं बघितली आणि अगदी गोड आवाजात विचारलं की भाऊ, वर्षाला ६९,००० मध्ये तुमचं घर चालतं का? काय उत्तर देणार. हो म्हटलं तर लोन नाही, नाही म्हटलं तर सहा टक्के खोटे. कायदा म्हणतो कमीत कमी सहा, जास्त झाला असेल तर जास्त दाखवा, आणि आम्ही सगळे सहाला सीमेंटसारखे चिकटून बसलेलो. सीएने निदान एकदा विचारायला पाहिजे ना की बाबा पुढच्या वर्षी लोन घ्यायचंय का, ठेकेदार रजिस्ट्रेशनचा वर्ग वाढवायचाय का, सॉल्व्हन्सी म्हणजे ऐपतीचा दाखला लागणारे का. पण ३० जुलैला आपण पिशवी घेऊन गेल्यावर तो काय विचारणार, बाहेर वीस जण बसलेले असतात. हे माझं पण पाप आहे. पिशवी खरंच पिशवी असायची, कापडाची, त्यात बिलं, रॉयल्टीच्या पावत्या, डिझेलच्या चिठ्ठ्या, एकदा तर त्यात पोरीची प्रगतीपुस्तिका पण गेली होती.

आमच्या अमळनेरच्या मित्राचं तर अजून भारी. त्याची सुरक्षा ठेव दोष-दायित्वाचा कालावधी, म्हणजे कामातले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची मुदत, संपल्यावर परत आली, आणि त्याच्या अकाउंटंटने बँकेत पैसे दिसले म्हणून ती परत उत्पन्नात धरली. ते पैसे तर आधीच बिल पूर्ण दाखवलं तेव्हाच उत्पन्नात आलेले! म्हणजे एकाच पैशावर दोनदा टॅक्स. त्याने स्वतः पकडलं म्हणून सुधारलं. आणि ३१ मार्चची बिलं हा तर वेगळाच घोळ, पैसे एका वर्षात आणि आयकराच्या २६एएस यादीत टीडीएस दुसऱ्या वर्षात, ते जुळवत बसा.

तर जानेवारीत मी सीए बदलला. बदलला म्हणजे आता दोन माणसं आहेत. एक ताई आहेत अमळनेरला, बीकॉम, आधी एका सूत गिरणीत अकाउंट्सला होत्या, त्या महिन्याचं सगळं बघतात, आणि सहीपुरता सीए वेगळा, कारण टर्नओव्हरचं सर्टिफिकेट सीएचंच लागतं, त्यावर १८ अक्षरी यूडीआयएन, म्हणजे त्या सर्टिफिकेटचा ओळख नंबर, लागतो, त्याशिवाय टेंडरमध्ये चालत नाही. ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "फी वर्षाची ९०००, महिन्याला साडेसातशे. काम असो नसो. मधे बंद करणार असाल तर दुसरीकडे बघा." मला आधी राग आला. मग हसू आलं, कारण मार्चमध्ये मला हेच कोणीतरी दरडावून सांगायला पाहिजे होतं.

हे मी चहाच्या टपरीवर सांगितलं तर सगळे माझ्यावरच. "कामच नही ते पैसा कसाना?" आता ह्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. मी एवढंच विचारलं की तुझा जीएसटीचा मोबाईल नंबर कोणाचा आहे? तर टपरीवर बसलेल्या पाच जणांतल्या तिघांना माहीत नव्हतं. एकाने तिथल्या तिथे फोन लावला सीएला. उचलला नाही.

ताई काय करतात तर विशेष काही नाही. महिन्याच्या दहा तारखेला व्हॉट्सॲपवर एक मेसेज येतो, देणं किती, येणं किती, कोणाची ठेव कधी सुटणार. मोबाईल नंबर आणि मेल माझा करून घेतला. डोंगलची मुदत दोन वर्षांनी संपते, ती तारीख त्यांनी माझ्या घरच्या कॅलेंडरवर लिहायला लावली. प्रोफेशन टॅक्सचे २५०० काम नसलं तरी भरायचेच हे पण त्यांनीच सांगितलं, आणि ॲडव्हान्स टॅक्स ४४एडीवाल्याने चार हप्त्यांत नाही, १५ मार्चच्या आत एकदाच भरायचा, हे पण. तीन वर्षांचं टर्नओव्हर सर्टिफिकेट, रिटर्नं, जीएसटीची शेवटची पावती, सगळं एका फोल्डरमध्ये स्कॅन करून माझ्या मोबाईलमध्ये आहे, टेंडर निघालं की टपरीवरून पाठवतो. कधीकधी त्या रागावतात पण. आखाजीला सासरी गेलेलो, सगळे पुरणपोळी-आमरस करून आडवे झालेले, तेवढ्यात फोन, "जिभाऊ, खडीवाल्याच्या बिलावर तुमचा जीएसटी नंबर नाही, मला काय शोभेला पाठवलंय का?" बाहेर ४४ डिग्री ऊन, मी अंगणात उभा राहून खडीवाल्याला फोन करतोय.

सप्टेंबर २०२५ मध्ये सिमेंटचा जीएसटी २८ वरून १८ झाला तेव्हा ह्यांचाच मेसेज आला की २२ तारखेपासूनच्या बिलावर नवीन दर बघून घ्या, जुन्या दराने लावलं तर परत पाठवा. आधीच्या ऑफिसातून असा मेसेज कधी आला असेल तर दिवाळीचा, पणतीचं चित्र आणि खाली त्यांचा लोगो.

आता परत मधला काळ आहे. मिक्सर परत ताडपत्रीखाली, एक टेंडर भरलंय, उघडायचंय. मागच्या तिमाहीत शेवटी शेवटी एक लहान काम होतं ते दाखवून झालं, खरेदीवर दिलेल्या जीएसटीचं क्रेडिट जुळवायला ताई बसल्या तर एका सिमेंटवाल्याचं बिल पोर्टलवरच्या २बी यादीत दिसत नाहीये, म्हणजे त्याने अजून त्याचं रिटर्नच टाकलेलं नाही. १९,००० चं क्रेडिट अडकलंय. उद्या सकाळी धुळे रोडला त्याच्या गोडाऊनवर जाऊन बसणार आहे. त्याला पण विचारतो, तुझा सीए फोन उचलतो का.